अमेरिकेत अकरावीत शिकणाऱ्या मुलांच्या मराठी पालकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी मेरीलँडमधल्या एका सरकारी हायस्कुलात अमेरिकेचा इतिहास शिकवते. माझ्या वर्गात दरवर्षी काही मराठी मुलं असतात, आणि त्यांचे आईवडील मला पालकसभेपेक्षा मंडळाच्या गणपतीतच जास्त भेटतात. यंदाही भेटलात. एक गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सांगितली: यादवी युद्धाच्या (१८६१-६५) आधीचा तो गुलामगिरीचा भाग जरा लवकर आटपा, परीक्षेला पुढचं बरंच असतं, आणि तसाही तो काळ्या-गोऱ्यांचा जुना मामला, आपल्या मुलांचा त्याच्याशी काय संबंध? प्रसादाचा द्रोण हातात धरून याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्र.

१८०० ते १८६० ही साठ वर्षं मी आटपणार नाही, आणि तुम्हीही मुलांना ती आटपायला सांगू नका. या देशात आपण कोण आहोत आणि कुठल्या हक्कानं आहोत, हे तुमच्या मुलांना कळायचं असेल तर ते या साठ वर्षांशिवाय कळत नाही.

परीक्षेची काळजी आधी मिटवते. एपी, म्हणजे कॉलेजच्या दर्जाच्या, अभ्यासक्रमात १८०० ते १८४८ हा चौथा कालखंड आणि १८४४ ते १८७७ हा पाचवा. दोन्ही मिळून पेपराचा पाचवा ते तिसरा हिस्सा त्यांच्यावर असतो. शिवाय मुलं ज्याला 'डीबीक्यू' म्हणतात त्या प्रश्नात सात अस्सल कागद वाचून स्वतःचं म्हणणं मांडायचं असतं. जुने कागद सावकाश वाचायची सवय लागलेलं मूल तिथे मागे पडत नाही. हा विषय इथेच संपला.

आता कापूस. विदर्भ-खानदेशातून आलेल्यांना मी काय म्हणते ते चटकन समजेल. अमेरिकेच्या दक्षिणेत, आतल्या भागात जो आखूड धाग्याचा कापूस पिकायचा त्याची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असायची. ती हातानं सोडवण्यात दिवस जायचा, त्यामुळे ते पीक परवडत नसे. १७९३ मध्ये एली व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र बनवलं. वर्गात मी इथे थांबते आणि विचारते, यंत्र आल्यावर गुलामांची गरज कमी झाली असेल की वाढली असेल? बहुतेक मुलं 'कमी' म्हणतात. पण सरकी यंत्रानं निघू लागली तरी नांगरणी, खुरपणी, वेचणी हातानंच होती. पीक परवडायला लागलं, तशी जमीनही जास्त हवी झाली आणि हातही. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाख. आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८ पासून कायद्यानं बंदी होती, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचा. म्हणजे ही बहुतेक सगळी माणसं अमेरिकेतच जन्मलेली होती आणि जन्मतःच कुणाच्या तरी मालकीची होती. १८६० च्या सुमारास देशाच्या एकूण निर्यातीच्या निम्म्याहून अधिक किंमत एकट्या कापसाची होती. न्यूयॉर्कच्या पेढ्या त्यावर कर्ज देत, न्यू इंग्लंडच्या गिरण्या त्याचं कापड विणत, इंग्लंडात लँकेशायरचे माग त्यावर चालत. 'दक्षिणेतल्या काही जुलमी लोकांची गोष्ट' म्हणून हा धडा शिकवला की मूल हे सगळं सोडून देतं आणि फक्त चाबूक लक्षात ठेवतं.

या कापसाला लागणारी जमीन कुठून आली, तेही त्यातच येतं. १८३० मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, पूर्वेकडच्या आदिवासी जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा केला. जॉर्जियातल्या चेरोकी लोकांची बाजू घेतली म्हणून सॅम्युअल वूस्टर नावाच्या मिशनऱ्याला त्या राज्यानं सक्तमजुरीच्या तुरुंगात टाकलं. १८३२ मध्ये सुप्रीम कोर्टानं वूस्टरच्या बाजूनं निकाल दिला, तरी चेरोकींना १८३८-३९ मध्ये सैनिकांच्या पहाऱ्यात हजारभर मैल चालत जावं लागलं. वाटेत आणि छावण्यांत हजारो माणसं मेली. नगरच्या लोकांना मी मुद्दाम सांगते, वूस्टरला पाठवणारं बॉस्टनचं 'अमेरिकन बोर्ड' म्हणजे ज्यानं पाठवलेले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला पोचले आणि ज्यानं पुढे अहमदनगरला अमेरिकन मिशन उभं केलं, तेच. तुमच्यापैकी कुणाची आजी मिशनच्या शाळेत शिकली असेल, तर हा धडा तुमच्या घरापासून वाटतो तितका लांब नाही.

मेरीलँडमध्ये कापूस फारसा नव्हता. इथे तंबाखू होता. त्यानं जमिनीचा कस गेला, शेतकरी गव्हाकडे वळले आणि मालकांकडे लागतील त्यापेक्षा जास्त गुलाम झाले. त्यांनी माणसं विकली. १७९० ते १८६० या काळात सुमारे १० लाख माणसं मेरीलँड, व्हर्जिनियासारख्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपी, लुईझियानाकडे हलवली गेली, काही मालकांबरोबर आणि बरीचशी दलालांमार्फत. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात ड्यूक स्ट्रीटवर फ्रँकलिन अँड आर्मफील्ड या गुलामांच्या व्यापाऱ्यांची पेढी होती. तुमच्यापैकी कित्येक जण रोज त्या बाजूनं ऑफिसला जातात.

जॉर्जटाउन विद्यापीठात आपल्या मुलाला प्रवेश मिळावा असं तुमच्यातल्या अनेकांना वाटतं, आणि त्यात काही गैर नाही. मी त्या मुलांना एवढंच सांगते की अर्ज करण्याआधी १८३८ चा तो व्यवहार वाचा. विद्यापीठावर कर्ज झालं होतं. ते चालवणाऱ्या मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी आपल्या मळ्यांवरची २७२ माणसं १,१५,००० डॉलरना लुईझियानाला विकली. त्यात तान्ही मुलं होती आणि म्हातारी माणसं होती. यादीत पहिलं नाव आयझॅकचं. २०१७ मध्ये विद्यापीठानं माफी मागितली आणि एका इमारतीला आयझॅक हॉकिन्सचं नाव दिलं. वंशजांनी नेट लावला म्हणून हे घडलं. त्या यादीला नावं होती, म्हणून वंशज सापडू शकले.

सगळ्या याद्यांना नावं नव्हती. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळा तक्ता होता. त्यात मालकाचं नाव लिहीत आणि त्याखाली एकेका ओळीत वय, लिंग, रंग. तीस वर्षांची बाई, आठ वर्षांचा मुलगा, चार महिन्यांची मुलगी. आई कोण, लेकरू कुणाचं, काही नाही. आपल्याच काउंटीचा असा एक कागद मी मुलांपुढे ठेवते आणि पूर्ण तासभर आम्ही तेवढाच वाचतो. मुलं वयांवरून कुटुंबं जुळवायचा प्रयत्न करतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की नक्की कधीच कळणार नाही. तो तास मी कुठल्याही परीक्षेसाठी सोडणार नाही.

दुसरा कागद ऑक्टोबर १८४९ ची एक जाहिरात. डॉर्चेस्टर काउंटीतल्या मालकिणीनं दिलेली, पळालेल्या तिघांना पकडून आणणाऱ्यासाठी. हॅरी, वय सुमारे १९. बेन, वय सुमारे २५. मिंटी, वय सुमारे २७, दिसायला चांगली, उंची साधारण ५ फूट. राज्याबाहेर सापडले तर प्रत्येकी १०० डॉलर, राज्यातच सापडले तर ५०. ही मिंटी म्हणजे हॅरिएट टबमन. तिच्या तीन बहिणी त्याआधीच दक्षिणेत विकल्या गेल्या होत्या. या तिघांचा पहिला प्रयत्न अर्धवट राहिला. नंतर ती एकटी निघाली, पेनसिल्व्हेनियाला पोचली आणि मग पुढच्या दहाएक वर्षांत सुमारे तेरा वेळा मागे येऊन तिनं जवळजवळ सत्तर माणसं बाहेर काढली. मी विचारते, मालकिणीनं या जाहिरातीत काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही? ती का पळाली, हे नाही लिहिलेलं. सोळा वर्षांच्या मुलाला हे स्वतःहून दिसतं तेव्हा कागद कसा वाचायचा ते त्याला कळलेलं असतं. तुम्ही त्याला इंजिनिअर करा, डॉक्टर करा, ही नजर तिथेही लागते.

आता तुमचा तो प्रश्न. आपला काय संबंध? हाच प्रश्न त्या काळी मॅसॅच्युसेट्स आणि ओहायोतल्या हजारो सज्जन माणसांनी विचारला होता. आमच्या राज्यात गुलामगिरी नाही, आम्ही कुणाला विकत घेतलं नाही, आमचा काय संबंध? १८५० च्या फरारी गुलाम कायद्यानं त्यांना उत्तर दिलं. पळालेल्या माणसाला पकडायला अधिकाऱ्यानं बोलावलं तर कुठल्याही नागरिकाला जावं लागे. लपवलं तर दंड आणि तुरुंग. पकडलेल्याला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष द्यायची मुभा नाही. निकाल देणाऱ्या कमिशनरनं त्याला मालकाच्या हवाली केलं तर फी १० डॉलर, सोडलं तर ५. कागदपत्रं जास्त करावी लागतात म्हणून फी जास्त, असं कायद्याच्या बाजूनं सांगत. मुलं त्यावर तावातावानं भांडतात आणि मी भांडू देते. त्या कायद्यानंतर बॉस्टनमध्ये राहून 'आपला काय संबंध' असं म्हणायची सोय उरली नाही.

आणि तुमचा संबंध तर याहूनही थेट आहे. ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामानं आपण गुलामगिरीला बंदी असलेल्या राज्यात आणि प्रदेशात राहिलो म्हणून आपल्याला स्वतंत्र मानावं असा दावा केला. मार्च १८५७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आफ्रिकी वंशाचा माणूस, मग तो गुलाम असो की मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश रॉजर टॅनी आपल्याच मेरीलँडचे. अॅनापोलिसच्या विधानभवनासमोर त्यांचा पुतळा होता, तो २०१७ मध्ये हलवला. हा निकाल पुसून काढण्यासाठी १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती झाली आणि तिच्या पहिल्याच वाक्यात लिहिलं गेलं की जो या देशात जन्मला आणि इथल्या कायद्याखाली आहे तो इथला नागरिक. तुमच्यापैकी कितीतरी जण एच-वनवर असताना तुमची मुलं इथल्या इस्पितळात जन्मली आणि काही आठवड्यांत त्यांचे निळे पासपोर्ट टपालानं घरी आले. ते या वाक्यानं आले. १७९० च्या कायद्याप्रमाणे परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'मुक्त गोऱ्या' माणसाला नागरिकत्व मिळायचं. त्याच परंपरेत १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंद यांना नागरिकत्व नाकारलं, आणि भारतीयांना ते दार १९४६ मध्ये उघडलं. इथे जन्मलेल्यांसाठी मात्र ते चौदाव्या दुरुस्तीनं आधीच उघडलं होतं. ज्या काळ्या माणसांच्या लढ्यातून ती दुरुस्ती आली त्यांची गोष्ट तुमच्या मुलांना 'त्यांचा जुना मामला' म्हणून सांगणं मला पटत नाही. त्या वाक्याच्या अर्थावर आजही कोर्टात वाद होतात. तुमच्या मुलांना ते समजले पाहिजेत.

काही घरांत असंही ऐकलं की ते युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच, राज्यांच्या अधिकारांसाठी होतं. यावर मी मुलांना माझं मत सांगत नाही. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडलं तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेला जाहीरनामा त्यांच्या हातात देते. त्यांची मोठी तक्रार ही की उत्तरेतली राज्यं फरारी गुलाम परत करण्याच्या कायद्याला जुमानत नाहीत. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला अधिकार वापरला, हेच त्यांना खुपत होतं. मिसिसिपीचा जाहीरनामा तर आपली बाजू गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे असं सुरुवातीलाच सांगतो. तुम्हीही वाचा. चार पानांचे कागद आहेत.

'एवढं दुःख शिकवून मुलांच्या मनावर काय परिणाम होईल' ही काळजी मला खरी वाटते. एका आईनं ती फार तळमळीनं सांगितली. पण या साठ वर्षांत नुसतं दुःख नाही. पुढे गुलामगिरीविरुद्धचा नावाजलेला वक्ता झालेला फ्रेडरिक डग्लस इथल्याच टॅलबट काउंटीत १८१८ मध्ये गुलाम म्हणून जन्मला. बाल्टिमोरला मालकिणीनं त्याला अक्षरं शिकवायला घेतली, मालकानं ते बंद पाडलं. मग हा पोरगा खिशात पाव घेऊन बाहेर पडायचा आणि गल्लीतल्या भुकेल्या गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकायचा. सप्टेंबर १८३८ मध्ये खलाशाचे कपडे घालून, दुसऱ्याचे कागद दाखवून तो आगगाडीनं निघाला आणि सुटला. फिलाडेल्फियात विल्यम स्टिल नावाचा मुक्त काळा कारकून पळून आलेल्या प्रत्येकाची हकिगत लिहून ठेवायचा, पुढेमागे कुणी नातेवाईक शोधत आलं तर सापडावं म्हणून. १८५० मध्ये त्याच्यासमोर चाळिशी उलटलेला एक माणूस येऊन बसला आणि लहानपणी ताटातूट झालेल्या आईवडिलांची नावं सांगू लागला. ती स्टिलच्याच आईवडिलांची नावं होती. तो त्याचा सख्खा भाऊ पीटर. ही गोष्ट सांगताना वर्ग इतका शांत होतो की मलाच पुढे बोलवत नाही. मतदानाचा हक्क नसलेल्या हजारो बायकांनी दारोदार फिरून गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवर सह्या गोळा केल्या. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहानं १८३६ मध्ये असे अर्ज चर्चेला घ्यायचेच नाहीत असा नियम केला आणि माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांनी तो मोडून काढेपर्यंत, १८४४ पर्यंत, पिच्छा सोडला नाही. मराठी मुली या बायकांवर फार चांगले निबंध लिहितात.

आता जे बोलायला मला सर्वांत जड जातं ते. हा धडा सुरू झाला की मुलं घरी येऊन विचारतात, आपल्याकडे असं काही होतं का? आणि बऱ्याच घरांत उत्तर मिळतं, 'आपल्याकडे तसलं काही नव्हतं, तू अभ्यास कर.' मुलं दुसऱ्या दिवशी मला तेच सांगतात आणि मग गप्प बसतात, कारण त्यांनी बाकीचं इंटरनेटवर वाचलेलं असतं.

जात आणि अमेरिकेतली गुलामगिरी एक नाहीत, हे मी वर्गात स्पष्ट सांगते. इथे माणूस कायद्यानं मालमत्ता होता, गहाण पडत होता, लिलावात जात होता. तिथे जन्मानं ठरत होतं कुणी कुठल्या पाणवठ्यावर जायचं, कुठलं काम करायचं, कुणाची सावली कुणावर पडू द्यायची नाही. वेगळं आहे ते वेगळंच शिकवलं पाहिजे. पण या दोहोंत नातं आहे असं म्हणायला आपल्याला कुणा अमेरिकन प्राध्यापकाची गरज पडली नाही. आपल्या पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी जो त्याग केला त्याच्या आदरापोटी, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र भावांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा या इच्छेनं. फुल्यांनी मुलींची शाळा काढायच्या आधी अहमदनगरला मिस फरार यांची शाळा पाहिली होती. सिंथिया फरार त्याच बॉस्टनच्या बोर्डानं पाठवलेल्या शिक्षिका. पुण्यातली शाळा १८४८ ची, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सला बायकांच्या हक्कांची पहिली परिषद भरली, जिथे डग्लस हजर होता. माझ्या वर्गातल्या मराठी मुलांना अर्पणपत्रिकेबद्दल आधी ठाऊक असतं असं फार क्वचित घडतं. हे त्यांना घरातून कळायला हवं होतं.

म्हणून माझी विनंती आहे. मुलानं विचारलं तर त्याला खरं सांगा, तुम्हाला जेवढं ठाऊक आहे तेवढं. तुमच्या गावात कुणाची वस्ती कुठे होती, विहीर कुणाची होती, आजीच्या घरी कुणाचा कप वेगळा ठेवलेला होता, की तुमच्या आजीलाच कुणाच्या तरी घरी वेगळा कप मिळत होता. आपल्या मंडळांत दोन्ही प्रकारची घरं आहेत आणि दोन्ही घरांतली मुलं माझ्या वर्गात शेजारी बसतात. तुम्हाला पुस्तकी उत्तर देता आलं नाही तरी चालेल, ते मी देईन. पण 'तसलं काही नव्हतं' हे सांगू नका.

आणि एक कामाचं. नोव्हेंबरात मी मुलांना डॉर्चेस्टर काउंटीला नेते. बकटाउनच्या परिसरात, जिथे टबमन वाढली, त्या दलदलीच्या रानातून ती रात्री कशी चालली असेल ते नकाशावर कळत नाही. तिच्या नावाचं केंद्र २०१७ पासून तिथे आहे. डग्लसचं टॅलबट काउंटी वाटेतच लागतं. शाळेच्या नियमाप्रमाणे बसमध्ये काही पालक बरोबर लागतात आणि दरवर्षी मराठी पालकांची नावं त्या यादीत नसतात. यंदा या. दिवसभराची रजा लागेल, डबा आणि चिखलात चालतील असे बूट लागतील. सहीचा कागद मुलांच्या दप्तरात पुढच्या सोमवारी येईल.

आपली,
तुमच्या मुलांची इतिहासाची शिक्षिका
मेरीलँड